वरच्या मजल्याची वाट

जबलपूरच्या आमच्या मराठी घरांत एक रीत होती. ताप जरा लांबला की कुणीतरी म्हणायचंच, "नागपूरला दाखवून घेऊ." तरुणपणी मी या रीतीची पक्की पुजारीण. सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा ठरला, तर त्यांना गाडीत घालून, पोळ्यांचा डबा नि पाण्याची सुरई घेऊन मी नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठून आलात?" मी मान ताठ करून सांगितलं. ते हसायलाच लागले. "अहो, मी जबलपूरलाच शिकलो. माझे सर अजून तिथंच ऑपरेशनं करतात!"

परतीच्या गाडीत डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूबाई म्हणाल्या, "चलो, तेवढीच सहल झाली." पण त्या दीडशहाण्या सुनेला अक्कल आली नाही. पुढं चष्म्याचा नंबरसुद्धा ती नागपूरलाच काढत राहिली.

तर गेल्या हिवाळ्यात मदन महल भागातल्या आमच्या घरी न्हाणीच्या दारात घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात पोचते न पोचते तोच पुण्याहून लेकाचा फोन. "आई, अँब्युलन्स करतो, इकडेच ये. तिथं काहून पडून राहिली?" हुबेहूब माझीच वाणी!

डॉक्टर शेजारीच उभे होते. म्हणाले, "अम्मा, पुणे पहुँचते-पहुँचते दो दिन और बिस्तर। इस उमर में बिस्तर ही असली बीमारी है। कल सुबह कर देते हैं।"

"कर दो," मी म्हटलं.

मग लेकानं फोनवरच अट घातली. "ऑपरेशन तिथं कर. पण नंतर वरच्या मजल्यावर एकटीनं राहायचं नाही. मी येतो, घराला कुलूप लावतो, तुला घेऊन येतो."

माझ्या विहीणबाईंचं हेच हाड पुण्यात आदल्या वर्षी मोडलं होतं. त्यांचा रोज फोन. "आमच्याकडे सगळं घरी येतं हो. बाई येते, व्यायाम करवणारा येतो, पलंगसुद्धा बटणावर वर-खाली होतो."

"आमच्याकडे आम्हीच वर-खाली होतो," मी म्हटलं. पण खरं सांगते, मनातून हेवा वाटला. इथं घरी येणारं असं माणूस शोधून मिळत नाही.

म्हणूनच की काय, इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं केलं नि पहिला प्रश्न विचारला, "घर किस मंज़िल पे है? लिफ्ट?"

"लिफ्ट कुठली हो, भैया!"

"तो सीढ़ी चढ़े बिना छुट्टी नहीं।"

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मला दवाखान्याच्या जिन्यावर नेलं. "अम्मा, चढ़ते में अच्छा पाँव पहले, उतरते में ऑपरेशन वाला।" मी कण्हले, रुसले, चक्कर आल्याचं नाटकही केलं. "नाटक भी ऊपर जाकर करना," ती म्हणाली. विहीणबाईंना मी हे सगळं सांगितलं, तर त्या चकित झाल्या. त्यांच्या इमारतीला लिफ्ट. जिन्याचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी लेक दोन रिकाम्या बॅगा घेऊन हजर. घराशी पोचलो तर खालच्या अंगणात प्लास्टिकची खुर्ची तयार, उचलायला शेजारचे दोघं बोलावलेले. बॅगा भरेपर्यंत मला खुर्चीतून वर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं, असा बेत.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातात काठी. चांगला पाय वर, मग दुसरा. मधल्या वळणावर थांबून दम खाल्ला. लेक मागून दोन्ही हात पसरून, जणू पतंग झेलायला, एकेक पायरी येत होता. वर पोचले, माझ्या हातानं कुलूप काढलं, माझ्या खुर्चीत बसले. अशी ऐट लग्नातसुद्धा केली नव्हती.

तो दारातच उभा. बॅगा खालीच राहिलेल्या.

"मग मी काय एकटाच परत जाऊ?"

"जेवून जा," मी म्हटलं.