गवती चहाची साक्ष

नथानिएल तसा सरळ माणूस, पण तोंडाला लगाम म्हणून नाही. आधी मिशनच्या बागेत माळी होता, आता अकरा वर्षं सणसवाडीच्या एका प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळतो. उंदरांना मुद्दाम साखरेचा आजार द्यायचा, त्यानं हृदय थकलं की निम्म्यांना गवती चहाच्या वासाचं एक औषध पाजायचं, असा प्रयोग चाललेला. औषधवाले उंदीर पुन्हा तुरुतुरु पळू लागले आणि नथानिएल हरखला. घरी बायको दयाबाई. तिलाही साखर, तिचंही हृदय थकलेलं. आशा लागायचीच की हो माणसाला!

बरं, ती आशा पोटात ठेवावी! शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात रविवारी कुणीही उभं राहून देवाचे उपकार सांगावेत, साक्ष द्यावी, अशी रीत. हा गडी उठला. "मंडळी, प्रभूनं गवती चहात गुण ठेवलाय. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलाय." सगळे म्हणाले, आमेन.

महिन्याभरात दयाबाईचे पाय टम्म सुजले. आडवं झालं की धाप लागे. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता ना?" ती खिडकीबाहेर बघू लागली. घरी येऊन नथानिएलनं गोळ्यांची पिशवी उपडी केली. पाकिटं भरलेलीच.

"दया, अगं काय केलंस हे?"

"गवती चहा पिते की तीनदा. तुम्हीच सांगितलं न्हवं देवळात?"

"अगं, ते औषध येगळं. नुसता वास तसा."

"मग देवापुढं खोटं बोललात व्हय?"

खोटं नव्हतं ते, अर्धं होतं. उरलेलं त्यानं आत्ता सांगितलं. "बरे झालेले उंदीरबी जगत न्हाईत, दया. हृदय तपासायला कापत्यात त्यांना. मीच नेऊन देतो. माणसाला ते औषध कवा मिळंल, मिळंल का न्हाई, कुणालाच ठावं न्हाई."

दयाबाई रडली नाही, भडकली. "एवढं ठावं असून उभं राहिलात!" पण हात पुढं केला. त्यानं गोळी दिली, ती तिनं गिळली. त्याला शरमेनं वर बघवेना.

"येत्या रविवारी समद्यांपुढं खरं सांगतो," तो म्हणाला.

"रविवारपतुर थांबू नका. पलीकडच्या गल्लीतल्या गीताबाईनंबी साखरेच्या गोळ्या सोडल्यात, तुमच्याच साक्षीवर. आपल्या अंगणातली गवती चहाची पात न्यायला रोज यायची." दयाबाईला धाप लागली. "दोन दिस झाले, आली न्हाई ती."

नथानिएल अनवाणीच पळाला.