काठ्या कोणी सोलल्या? पराशा घेऊन घाटनांदूरला

…आणि तरीही माझं म्हणणं एवढंच होतं, की काठ्यांचा प्रश्न पुण्यात बसून सुटणार नाही.

"मग कुठे सुटेल?" एझ्रा अंकल म्हणाले. "जेरुसलेमला जाणार आहेस का?"

"घाटनांदूरला," मी म्हणाले.

ते हसलेही नाहीत, कारण घाटनांदूर कुठे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आदल्या आठवड्यापर्यंत मलाही नव्हतं. तुमच्यासाठी सांगते: बीड जिल्हा, अंबाजोगाई तालुका.

जे ब्लॉगवर पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी थोडं मागचं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. तोरा हा आमचा धर्मग्रंथ वर्षभराच्या आठवड्यांमध्ये वाटलेला असतो. एका आठवड्याचा भाग म्हणजे एक पराशा, आणि जगभरातले ज्यू त्या आठवड्यात तीच पराशा वाचतात. पुण्यात आम्ही सहा जण दर गुरुवारी संध्याकाळी एझ्रा अंकलच्या हॉलमध्ये ती मराठीत वाचतो. एकेक वाक्य घ्यायचं, जुन्या भाष्यकारांनी त्यावर काय म्हटलंय ते बघायचं आणि मग मनसोक्त वाद घालायचा. निदान पूर्वी घालायचो. हे सगळं चालवणारे निस्सीम अंकल दिवाळीच्या आधी लेकीकडे इस्राएलला कायमचे गेले आणि वादच संपले. वाचन, चहा, घरी. शेवटी असं ठरत आलं, की आता परदेशातल्या कुणाचं तरी इंग्लिश लेक्चर टीव्हीवर लावायचं आणि ऐकायचं.

मी चोवीस वर्षांची, ग्रुपमधली सगळ्यात लहान. इंग्लिश मीडियमची, जोडाक्षर आलं की अडखळणारी. तरी मी एक गुरुवार मागितला. "एकच," अंकल म्हणाले. "त्या दिवशी लोक बोलले तर पुढचं बघू. नाहीतर टीव्ही."

माझ्या वाट्याला आलेली पराशा याकोबाची. हा याकोब मामाकडे, म्हणजे लाबानाकडे, चौदा वर्षं कळप राखतो. मग नवा करार होतो: इथून पुढे ठिपक्यांच्या शेळ्या याकोबाच्या, एकरंगी लाबानाच्या. लाबान त्याच दिवशी कळपातल्या सगळ्या ठिपक्यांच्या शेळ्या काढून मुलांबरोबर तीन दिवसांच्या वाटेवर पाठवून देतो. मग याकोब ओल्या काठ्या घेतो, त्यांची साल काढून पांढरे पट्टे पाडतो, पाण्याच्या कुंड्यांपाशी ठेवतो, आणि तिथे शेळ्यांना ठिपक्यांची पिल्लं होतात. कुणी म्हणतं चमत्कार, कुणी म्हणतं युक्ती, कुणी म्हणतं चक्क लबाडी. मला याकोबाला लबाडीतून सोडवायचं होतं. हाच माझा गुरुवारचा प्लॅन होता.

प्रिंटआउट घेऊन बसले होते तर माझी फ्लॅटमेट सुवर्णा मागून वाचत म्हणाली, "हे तर आमच्या तात्यांचं आणि गयाबाईचं आहे."

म्हणजे काय, तर सुवर्णाच्या वडिलांच्या शेळ्या गावातल्या गयाबाई निम्म्या वाट्याने राखतात. शेळ्या तात्यांच्या, राखण गयाबाईंची, करडं अर्धी अर्धी. तीस वर्षं झाली म्हणे. सुवर्णा शनिवारीच गावी जाणार होती; मी लगेच सुट्टी टाकली आणि तिच्यामागून निघाले.

रविवार

शिवाजीनगरहून सकाळी सातची लाल गाडी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे अंबाजोगाईपर्यंत तीनशेच्या आतबाहेर. नगरपर्यंत झोपा, काही चुकत नाही. जामखेडला भजी खा, पण गरम तळतायत ना ते बघून. त्यानंतर मात्र खिडकी सोडू नका. पाटोद्याच्या अलीकडे रस्ता बालाघाटाच्या माळावर चढतो आणि एकदम आकाश मोठं होतं. ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, तुरीला पिवळा फुलोरा होता, कापसात बायका ओळीने वेचत होत्या. मांजरसुंबा, केज, आणि संध्याकाळी अंबाजोगाई. तिथून घाटनांदूरला काळी-पिवळी, माणशी चाळीस. ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला, "सरक की बे जरा, पाव्हणी पुण्याची हाय," आणि माझ्यासाठी चार बोटं जागा झाली.

ज्यांना माझ्यासारखी खाण्याची पथ्यं आहेत त्यांना सांगते, काळजी करू नका. मी सुवर्णाच्या आईला सांगितलं की घराबाहेर मी मांस खात नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं, माझं काम वाचलं." ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा, शेंगदाण्याची चटणी. शेवटी सीताफळ, हंगामातलं अगदी शेवटचं.

सोमवार

गयाबाईंचं घर गावाच्या कडेला, ओढ्याच्या वर. पत्र्याचं छप्पर, पुढे मोठं कडुलिंबाचं झाड, झाडाखाली सतरा-अठरा शेळ्या. बहुतेक काळ्या कुळकुळीत, दोन-तीन काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या. गयाबाई साठीच्या असतील. तात्याही आमच्याबरोबर आले आणि न विचारता बाजेवर बसले.

"ही शर्ली," सुवर्णा म्हणाली. "हिच्या पोथीतलं एक इचारायचंय तिला."

"पोथीत शेरडं हायेत व्हय?" गयाबाई म्हणाल्या. "आमच्या पोथीत निस्ते राजे. वाच मंग."

मी वाचायला लागले. जुनं मराठी भाषांतर, मध्येमध्ये अडखळत. करार झाला, आणि लाबानाने त्याच दिवशी ठिपक्यांच्या शेळ्या बाजूला काढल्या, इथपर्यंत आले तशी गयाबाईंनी हात वर केला.

"त्याच दिशी?"

"त्याच दिवशी."

"त्यात काय चुकलं?" तात्या बाजेवरून म्हणाले. "त्याचा माल हाय. इथून पुढचं वाटून घ्यायचं ठरलं ना?"

"तुमी त्याचीच बाजू घेणार तात्या, आमाला म्हाईत हाय." मग मला विचारलं, "आन् तो याकोब काय म्हनला?"

मी कागद पुन्हा पाहिला. "काहीच नाही. तो काही बोलल्याचं लिहिलेलं नाही."

"कळलं असणार त्याला. रातंदिस शेरडात ऱ्हातो मानूस, चार कमी झाल्याली कळत न्हाई व्हय? कळूनशान गप ऱ्हायला."

हे माझ्या वहीतल्या भाष्यांमध्ये कुठेही नव्हतं. मी घाईघाईने लिहून घेतलं आणि पुढे वाचलं: याकोबाने ओल्या काठ्या घेतल्या, साल काढली…

"कुणी काढली?"

"याकोबानं."

"कशानं? इळ्यानं?"

"विळ्याचं काही नाही लिहिलेलं."

गयाबाई हसायला लागल्या. "पोरी, तिकडं बघ."

कडुलिंबाच्या फांदीला सुबाभळीचा पाला दोरीने उलटा टांगलेला होता. खाली अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पाणी. आणि ड्रमच्या भोवती काठ्याच काठ्या, पांढऱ्या. काही पूर्ण सोललेल्या, काहींवर सालीचे पट्टे तसेच. एक शेळी आत्ताही उभी राहून फांदीची साल दाताने ओढत होती, कर्र कर्र.

मी तिथे येऊन अर्धा तास झाला होता आणि मला त्या दिसल्याच नव्हत्या.

"पाला सपला की साल खात्यात," गयाबाई म्हणाल्या. "मानूस कशाला सोलंल? त्याला दुसरी कामं न्हाईत?"

"पण पाण्यापाशीच का?"

"कावून म्हंजे? पाला खाल्ला की तहान लागती. पाण्यापाशी टांगला की दोन खेपा वाचत्यात."

"मग ठिपक्यांची पिल्लं?"

"काळ्या शेळीला काळा बोकड दावला तरी मधीच एखादं काबरं येतं. आजी काबरी असंल तर येतंच. राखणाऱ्याला ध्यानात ऱ्हातं कोणाची आजी कोण. लोकांनी पांढऱ्या काठ्या बघितल्या आन् म्हनले, जादू केली."

"म्हंजे मालक येडा?" तात्यांनी विचारलं.

"येडा न्हाई. मालक गोठ्यात येत न्हाई."

सुवर्णा तोंडाला ओढणी लावून हसत होती. तात्या पानाचा डबा शोधायला लागले.

मी खूश. याकोब सुटला, माझा गुरुवार झाला, असं मनात म्हणत शेवटचं वाक्य वाचलं: काठ्या तो फक्त धडधाकट शेळ्यांपुढे ठेवायचा, अशक्त शेळ्यांपुढे नाही. त्यामुळे अशक्त लाबानाच्या झाल्या, धडधाकट याकोबाच्या.

गयाबाईंचं हसू गेलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे वाईट केलं त्यानं."

"पण लाबानानं आधी फसवलं होतं त्याला. चौदा वर्षं…"

"आसंल. पण मरतुकडी मालकाला ढकलायची न्हाई. आमच्यात वाटणी करताना करडांचे दोन ढीग मी लावती, आन् आधी उचलत्यात तात्या. ज्यानं ढीग लावला त्यानं आधी उचलायचं न्हाई. मंग ढीग नीट लागतो."

"आन् तरी चांगला बोकड दरसाली हिच्याच ढिगात ऱ्हातो," तात्या म्हणाले.

"तुमी बघून उचला की मंग. डोळे हायेत ना?"

चहा झाला. मी बरंच समजावत होते: त्याला घरी परत जायचं होतं, बायका-मुलं होती, मामाने मजुरी कितीदा बदलली. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगला मानूस दिसतोय. पण हे वाईट केलं." काठ्यांच्या बाबतीत निर्दोष, वाटणीच्या बाबतीत दोषी. मला पूर्ण सुटका हवी होती आणि ती काही मिळाली नाही.

मंगळवार

परतताना मांजरसुंब्याला उतरून कपिलधारचं मंदिर आणि धबधबा करा. रिक्षा जाऊन-येऊन ठरवून घ्या, थांबायचे पैसे आधी बोला. धबधबा बघायचा तर श्रावण-भाद्रपदात या. आत्ता कड्यावरून दोरीएवढी धार येत होती, पण गारवा छान होता आणि माकडं कमी.

मंदिराच्या ओट्यावर दहा-बारा लिंगायत मंडळी पोथी लावून बसली होती. एक आजोबा ओवी वाचत, दुसरे साध्या बोलीत अर्थ सांगत. अर्थ सांगून ते थांबायचे. "समजलं का?"

"न्हाई," मागून एक बाई म्हणाल्या.

"काय न्हाई समजलं?"

"सगळंच."

सगळे हसले, आणि ते गृहस्थ अजिबात न चिडता म्हणाले, "मंग तुमीच सांगा, तुमाला काय वाटतंय." बाईंनी सांगितलं. तिसऱ्याने ते खोडलं. पुढचा पाऊण तास पोथी एक ओवी पुढे सरकली नाही.

माझ्या बॅगेत गुरुवारसाठी लिहिलेलं अकरा पानी भाषण होतं. गाडीत बसल्यावर मी ते काढलं आणि त्यातले फक्त प्रश्न दुसऱ्या कागदावर उतरवले. चार निघाले. बाकीचं परत वाचलंच नाही.

गुरुवार

पाच जण आले. एझ्रा अंकलच्या मांडीवर रिमोट होता, आणि तो तिथे मुद्दाम ठेवलेला होता. मी पराशेतला तुकडा वाचून घेतला, गयाबाईंच्या अंगणात काय पाहिलं ते सांगितलं आणि विचारलं, "काठ्या कोणी सोलल्या?"

अंकलची बोटं रिमोटवर गेली.

"हा काय प्रश्न आहे?" ते म्हणाले. "याकोबाने सोलल्या असं स्वच्छ लिहिलंय. एका बाईने सांगितलं म्हणून आपण तोरा बदलायची?"

"बदलत नाहीये. विचारतेय."

"आमच्या रेवदंड्याला शेळ्या होत्या," फ्लोरा आंटी म्हणाल्या. त्या एरवी चहापर्यंत डुलक्या घेतात. "साल-बिल खात नव्हत्या हं. कोकणात पाला काय कमी आहे?"

मी म्हटलं, झालं, गयाबाई पडल्या. पण आंटींचं संपलं नव्हतं. त्या चष्मा लावून पानं उलटत होत्या. "थांबा. पुढच्या अध्यायात तो बायकांना शेतात बोलावतो आणि ही शेळ्यांची गोष्ट स्वतः सांगतो. देवाने दिलं म्हणतो, स्वप्नात पाहिलं म्हणतो. काठ्यांचं नावसुद्धा काढत नाही. का?"

"लाज वाटली असेल," कुणीतरी म्हणालं.

"कसली लाज? बायकांना माहीतच असेल."

"किंवा काठ्या महत्त्वाच्या नसतीलच."

"अरे पण मग लिहिल्यात कशाला?" अंकल जवळजवळ उठलेच आणि रिमोट सोफ्याखाली गेला. अशक्त शेळ्यांचा प्रश्न मी काढला तेव्हा तर दोन तट पडले. आंटी गयाबाईंच्या बाजूने, अंकल याकोबाच्या. साडेआठला चहा थंड होऊन साय धरली होती. निघताना अंकल म्हणाले, "पुढची पराशा मी घेतो. तुम्ही याकोबावर जे आरोप केलेत ना, त्यांची उत्तरं मला द्यायचीत."

लेक्चरचं कुणी नाव काढलं नाही.

तर परत आल्यावर काय उरलं? याकोब मला आता कमी आवडतो आणि जास्त खरा वाटतो. एकूण खर्च दीड हजाराच्या आत. आणि एक भांडण, अजून न मिटलेलं. ग्रुपची एक वही आहे. दर आठवड्याला त्या पराशेसाठी कुणाकुणाची मतं विचारात घेतली त्या भाष्यकारांची नावं आंटी त्यात लिहितात, सगळे शेकडो वर्षांपूर्वीचे मोठे विद्वान. या वेळी त्यांनी शेवटी "गयाबाई, घाटनांदूर" लिहायला पेन उचललं आणि अंकलनी हात धरला: ज्यांनी ग्रंथ वाचलाय त्यांचीच नावं. आंटी म्हणाल्या, ज्यांनी शेळ्या वाचल्यात त्यांचं काय? तेवढी ओळ अजून कोरी आहे आणि मला रविवारपर्यंत मत द्यायचंय. माझं मत तुम्हाला कळलंच असेल, पण अंकलचं म्हणणंही मला अगदीच फेकून देता येत नाहीये. तुम्ही असता तर त्या वहीत गयाबाईंचं नाव लिहिलं असतं का?