नाव टाकलेली भांडी

धाड गावच्या बाजाराचा तो दिवस विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. पोलिसातल्या माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. ठाण्यातला चहा आणि दारातला कडुनिंब आठवला की तो दिवसही आठवतो.

दुपारी एक शेतकरी दहा-बारा माणसं घेऊन ठाण्यात आला. दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न. आंदणाच्या भांड्यांचे पैसे त्याने मोबाइलवरून दिले, खात्यातून कटले. पण दुकानदार म्हणे, मिळालेच नाहीत. भांडी दुकानातच अडली होती.

"साहेब, पोरीले रिकाम्या हातानं कशी पाठवू?" त्याने हात जोडले.

तेवढ्यात माझा एक खबऱ्या कानाशी लागला. "पैसे आल्यावर बोलणारं खोकं तो मुद्दाम बंद ठेवते, साहेब."

मला एवढं पुरेसं होतं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. त्यांना बोलावलं, मोबाइल ताब्यात घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि बाकावर बसवलं. एकच प्रश्न तीनदा विचारायचा आणि समोरच्याच्या हातांकडे बघायचं, ही माझी पद्धत. पाच मिनिटांत माणूस ओळखतो, असा तोरा होता मला.

चाचांचं उत्तर तिन्ही वेळा तेच. "पैसे आले असते तं भांडे काऊन ठेवू, साहेब? त्याच्यावर नवरीचं नाव टाकलं हाये. दुसरं कोन घेईन?"

मी ते कानाआड केलं. चार तास गेले. बाजाराला आलेले लोक दारातून डोकावत होते आणि चाचा मान खाली घालून बसले होते.

शेवटी आमच्या महिला शिपायाने शेतकऱ्याचा मोबाइल तपासला, बँकेत फोन केला.

"साहेब, व्यवहार मधेच अडकलाय. चाचाकडे पैसे पोचलेच नाहीत. बँक ते आपोआप परत करते. नाही केले, तर बँकेत तक्रार द्यायची. कोणी फसवून घेतले असते, तर आपलं काम होतं."

"आणि कार्डाने दिले असते तर?" मी विचारलं.

"तरी बँकच. फक्त अर्ज वेगळा."

मी काही बोलायच्या आत चाचा उठले. शेतकऱ्याला म्हणाले, "चाल भाऊ, टेम्पो लाव. पैसे वापस आले का दे. लग्न थांबते काय?"

दोन दिवसांनी पैसे शेतकऱ्याच्या खात्यात परत आले. त्याने ते स्वतः नेऊन चाचांना दिले.

मला मात्र स्वतःची लाज वाटली. माझ्या आईच्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. असं भांडं दुकानदाराच्या काही कामाचं नसतं, हे मला शेंबड्या वयापासून माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर चाचांकडे जाऊन एक तांब्या घेतला. पैसे मोबाइलवरून दिले. खोकं बोललं, तसे दोघंही हसलो.

"नाव काय टाकू, साहेब?"

"नाव नको. त्या बाजाराची तारीख टाका."

चाचांनी तारीख कोरली.

रोज सकाळी त्याच तांब्याने पाणी पितो. अडकलेल्या पैशांसाठी बँकेत अर्ज करता येतो. चाचांचे ते चार तास परत करायला कुठे अर्ज द्यायचा, ते मला अजून सापडलेलं नाही.