निकेलच्या ट्रेला शेंदूर

गोरक्षच्या मळ्यात झेंडू पिकायचा, पण पोट चालायचं अंबडच्या कारखान्यातल्या भट्टीवर. तिथे गिअर तापवून कडक केले जात. लालभडक गिअरांचा ट्रे आकड्याने बाहेर ओढायचा आणि तेलात सोडायचा, हे त्याचं काम. पूर्वीचे लोखंडी ट्रे त्या आचेत वाकायचे, त्यांचे पापुद्रे सुटायचे. एकदा तर ट्रे मध्येच मोडला आणि तापलेले गिअर त्याच्या पायांजवळ सांडले.

मग सत्त्याण्णव साली निकेल-क्रोमचा ट्रे आला. महाग म्हणून मालकाने आधी बरीच खळखळ केली होती. पण काय चीज! लाल होऊनही ताठच्या ताठ, आणि पापुद्रा म्हणून सुटायचा नाही. त्याने गोरक्षचे पाय सांभाळले. खंडेनवमीला भट्टी थंड होती, बाकीचे मशिनींना हार घालत होते, तेव्हा या भल्या माणसाने काय करावं? शेंदूर तेलात कालवला आणि अख्खा ट्रे मारुतीसारखा माखून टाकला!

दसऱ्यानंतर भट्टी पेटवायच्या आधी तिथल्या इंजिनिअर प्रतिभा मॅडमनी तो अवतार पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“अहो गोरक्षभाऊ, शेंदरात शिसं असतं. तापलं की ते निकेलच्या आत शिरतं. ट्रे ठिसूळ होऊन तुमच्याच हातात तडकेल. पुसा आधी.”

गोरक्षने ट्रेपुढे हात जोडले. “मॅडम, देव मानून लावलेला शेंदूर मी कसा पुसू? घरात लेकरंबाळं हायेत. काय वाईटवाकडं झालं तर?”

बिचारा पुरता कात्रीत सापडला. दुसरं कुणी असतं तर अडाणी म्हणून हसलं असतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि सरळ ट्रेपुढे बसल्या.

“मी पुसते. लागलंच पाप तर मला लागू दे. तुमचे पाय शाबूत राहिले पाहिजेत.”

त्या कोपरा न् कोपरा घासत राहिल्या. गोरक्षला भरून आलं. त्याच्या वाटचं पाप आजवर कुणी अंगावर घेतलं नव्हतं. दुसरं फडकं घेऊन तोही शेजारी बसला.

घरी त्याचे हात पाहून बायको चांगुणा म्हणाली, “अजून लाल? पूजा व्हायची राहिली व्हती का काय?”

“राहिली व्हती,” तो म्हणाला. “आज झाली. मॅडमनी केली.”