तीन धंद्यांचे मालक

शिवऱ्याला हायवेच्या कडेला एकाच पत्र्याखाली मालकांचं हॉटेल, पंक्चरचं दुकान आणि रसवंती आहे. मी रोज तिथं एसटीची वाट बघत बसतो. पुण्याच्या जावयानं "प्रत्येक धंद्याचा हिशोब वेगळा ठेवा" असं सांगितल्यापासून हे गृहस्थ एकटेच तीन माणसं झाले. पंक्चर काढताना चहाची तलफ आली, की स्वतःच्याच हॉटेलात येऊन गल्ल्यात रोख पैसे टाकायचे. "धंद्यात नातं न्हाई, मास्तर," असं वर मलाच ऐकवायचे.

मग त्यांना शोध लागला, की हॉटेल तोट्यात आहे. पहाटेपासून ते हॉटेल त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकट्या ओढतात, पण शोध मालकांना लागला. त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "उद्यापासनं हॉटेल बंद!"

वहिनींनी भजीची कढई खाली उतरवली. "उद्या कशाला? आत्ताच करू की."

दुपारी मालक हात धुऊन जेवायला बसले. ताट काही येईना.

"अगं, वाढ की."

"कुठल्या खात्यातनं वाढू? माजी मजुरी तुमी कुठल्या खात्यात धरलीय, ते आदी सांगा."

मालकांनी बोटांवर तिन्ही धंदे मोजून पाहिले. वहिनी एकाही बोटावर सापडेनात. अखेर ते उठले आणि पडेल आवाजात म्हणाले, "बरं, हॉटेल चालू हाय."

"मग टाका चहा," म्हणत वहिनी माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसल्या.

एका कपाला साखर किती पडते, हे मालकांना तोंडपाठ होतं. साखरेचा डबा कुठं असतो, ते मात्र मलाच दाखवावं लागलं.