वन्सांचा चुकलेला महिना

माझ्या थोरल्या नणंदेइतकं आपल्या शरीराविषयी मोठ्यानं बोलणारं माणूस हैदराबाद शहरात दुसरं नसावं. आणि असलंच, तर त्या दोघींची गाठ एखाद्या भरलेल्या बसमध्ये पडू नये. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासण्याचं काम करते. अपघात, आगी, लाठीमार हे सगळं चहाबरोबर वाचायचं आणि त्याला मथळा द्यायचा, याची मला सवय आहे. तरीही लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, पंगतीत चकल्या वाढता वाढता वन्सं माझ्या सासऱ्यांच्या देखत म्हणाल्या, "आज दुसरा दिवस आहे, कंबर मोडलीय नुसती," तेव्हा माझ्या हातातला तांब्या खाली पडला. सासरे पानावरून वर न बघता म्हणाले, "सूनबाई, ती अशीच आहे. तांब्या उचला." कावळा शिवला, अडचण आहे, बाहेरची आहे, असे शब्द वन्सांनी कधी वापरले नाहीत. बाकीच्या बायका ज्या गोष्टीसाठी आवाज खाली आणतात, नेमक्या त्याच गोष्टीसाठी त्या आवाज वर नेत. "पाळीला पाळी म्हणावं," त्या मला बजावत, "त्यात कावळ्याचा काय संबंध?"

त्या एका सरकारी कचेरीत अभिलेख विभागात होत्या. ती राज्याच्या विभाजनाची वर्षं होती. कचेरीत फायलींची वाटणी चालली होती आणि जमिनीवर तीन गठ्ठे पडले होते: इकडचं, तिकडचं, अनिर्णित. दिवसभर हेच केल्यावर वन्सांना सगळं जगच तीन गठ्ठ्यांत दिसू लागलं. भाजी घेताना त्या दोडके इकडे, भेंडी तिकडे करत आणि किडका वाटणारा कोबी अनिर्णित म्हणून भाजीवाल्याकडेच ठेवत. स्वतःच्या शरीराचीही त्यांनी एक फाइल केली होती. लाल फीत बांधलेली, पानांना क्रमांक घातलेली. ती फाइल माझ्या कपाटात असे. त्यांचं घर नल्लकुंट्यात, माझं विद्यानगरला. नोंद करायला त्या दर दोन दिवसांनी मुद्दाम माझ्याकडे येत. घरी जागा कमी असेल, असं मी धरून चालले होते. बातमीच्या बाबतीत मी असं कधी काही धरून चालत नाही.

धाकट्या मुलीनंतर अकरा वर्षं वन्सं गोळ्या घेत होत्या. मग अर्धं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. हा बदल वन्सांनी माझ्या स्वयंपाकघरात बदलीच्या हुकमासारखा वाचून दाखवला. त्यानंतर जे घडलं ते फाइलीत आहे आणि नोंद होईल तसं मी ते वाचत होते. पहिल्या इंजेक्शननंतर सलग बावीस दिवस थोडं थोडं जात राहिलं. नोंदी अशा: "नऊ तारीख: अल्प. दहा: अल्प. अकरा: आहे की नाही, अनिर्णित." मग भूक आली. साडेदहाला जेवून निघालेल्या वन्सं बाराला कचेरीतून मला फोन करून विचारत, तुझ्याकडे आज काय केलंय? मग कंगव्यात केस येऊ लागले. ते त्या पुडीत बांधून डॉक्टरीणबाईंना पुरावा म्हणून नेत. मग रडू आलं. वांगी चिरताना त्या रडल्या. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. इंजेक्शन रडतंय, मी नाही." आणि उरलेली वांगी चिरून टाकली.

वजनाचा प्रश्न सुलतान बाजारात उघडा पडला. वन्सांचे ब्लाउज तिथले एक म्हातारे मास्टर वीस वर्षं शिवत होते. टेप लावून त्यांनी आपली वही पाहिली, पुन्हा टेप लावली. "क्या अम्मा, पिछली दफा का नाप किसी और का था क्या?"

"मेराइच था, मास्टर," वन्सं म्हणाल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि दाराशी कापडाचा गठ्ठा उतरवणारे दोघे होते. "डॉक्टरनी सुई लगाए मेरे को. बच्चा नक्को बोलके. उस्का असर है ये."

मी साड्यांच्या फॉलचे रंग पाहू लागले. मास्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हमारी सुई से तो अम्मा, कपडाच बढता-घटता," ते म्हणाले, आणि वहीतला जुना आकडा खोडून त्यांनी नवा लिहिला.

दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळी पूर्ण थांबली. असं होतं, घाबरू नका, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं आणि फाइलीत सातव्या पानावर ते लिहिलेलंही होतं. पण आपल्या शरीरात काही चाललेलं नाही, ही गोष्ट वन्सांना चैन पडू देईना. त्यांनी ती शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू बाईंना सांगायचं ठरवलं. या बाई त्यांच्याच गल्लीत राहत. वन्सांचं तेलुगू कचेरीत शिकलेलं. टिपणी, मंजुरी, शेरा एवढ्यापुरतं पक्कं. घरातलं तेलुगू त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. मग त्यांनी आपला मराठी महिना सरळ उचलून तेलुगूत ठेवला: महिना म्हणजे नेल, चुकला म्हणजे तप्पिंदी. "नेल तप्पिंदी," त्या म्हणाल्या. बाई खुर्चीवरून उठल्या, त्यांनी वन्सांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं. त्या संध्याकाळी वन्सं मला सांगत होत्या, "तेलुगू माणसं फार हळवी गं. नुसती पाळी चुकली म्हटलं तर रडल्या."

आपण मराठीत दिवस गेले म्हणतो, तेच तेलुगूत महिना चुकला म्हणतात. हे मला पुढच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वन्सांच्या घरी कळलं. मी फाइलीत ठेवायचा डॉक्टरीणबाईंचा एक कागद आणायला गेले होते. दाराशी त्या बाई उभ्या होत्या. हातात डबा, फुलं, हळदकुंकू. डब्यात चलिमिडी होती, म्हणजे तांदळाच्या पिठाचा गुळातला गोळा. त्यांच्याकडे गर्भार बाईला देतात. वन्सांच्या सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. बाईंनी त्यांनाच आधी कुंकू लावलं. "मुबारक अम्मा. अब की बार पोता होना."

सासूबाई उठल्या, देवापुढे साखरेची वाटी ठेवली आणि तिथेच भिंतीला धरून उभ्या राहिल्या. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात घेऊन उभ्या. त्यांचे यजमान वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते आणखी वर धरलं. तेलुगू बाईंना काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं. चहा नको म्हणून त्या निघून गेल्या. मग वन्सं बोलल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो खाली होता.

"आई, तसं काही नाहीये. मी इंजेक्शन घेते. आधी गोळ्या घेत होते."

"कसल्या?"

"मूल होऊ नये म्हणून."

"कधीपासून?"

"धाकटी झाल्यापासून."

"हा तर म्हणायचा, देवाच्या मनात नाही." सासूबाई मुलाकडे न बघता म्हणाल्या. "अकरा वर्षं मी संकष्ट्या धरल्या. निर्जळी. त्या कशासाठी धरतेय, तुला माहीत होतं?"

"हो."

"आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे हे?"

वन्सांना खोटं बोलता येत नाही. त्या मोजू लागल्या. "हिला. डॉक्टरला. ऑफिसातल्या दोघीतिघींना. सुलतान बाजारातल्या मास्टरला."

"शिंप्याला?"

"नाप घेत होते ना ते."

"शिंप्याला ठाऊक," सासूबाई म्हणाल्या, "आणि मला नाही."

मी त्या खोलीत होते आणि आयुष्यात क्वचित बसला असेल असा धक्का मला बसला होता. ज्या बाईनं आपल्या शरीराची बातमी दुकानात, बसमध्ये, पंगतीत मोफत वाटली, तिनं ती एका माणसापासून अकरा वर्षं राखली होती. मग फाइल माझ्या कपाटात का, तेही त्या क्षणी लक्षात आलं. वन्सं पुढे झाल्या. "तुम्ही दर महिन्याला माझ्याकडे आशेनं बघायचात, आई. मी सांगायला तोंड उघडायचे आणि तुम्ही म्हणायचात, असू दे, पुढच्या वेळी. मला नाही जमलं. पण मला तिसरं नको होतं. या दोघींनाच मी कशीबशी पुरत होते."

सासूबाई रागावतील, असं मला वाटलं. त्यांनी चलिमिडीचा डबा उघडला, गोळ्याचे दोन भाग केले आणि नातींना हाका मारून एकेक हातावर ठेवला. मुली खात बाहेर गेल्या. मग, बोटांना लागलेला गूळ पुसत, कुणालाच उद्देशून नाही अशा स्वरात त्या म्हणाल्या, "नाव ठेवलं होतं मी त्याचं."

कोणीही विचारलं नाही, कोणतं. यजमानांनी नाही, वन्सांनी नाही. नाव विचारल्याशिवाय बातमी घेऊन यायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं होतं. मीही विचारलं नाही. पुढची संकष्टी त्यांनी धरली नाही. त्या दिवशी मी तिकडे गेले होते; सकाळीच त्या आमच्याबरोबर पोळी-भाजी जेवल्या, थोडं जास्तच जेवल्या, आणि पुढची पाच वर्षं सुनेशी पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या.

आता सासूबाई नाहीत. वन्सांचं इंजेक्शनही केव्हाच थांबलं. हल्ली, पाळी जायच्या वयात, त्यांना घाम फुटतो आणि तो का फुटतो हे त्या रिक्षावाल्यांना समजावून सांगतात. पण कधीतरी माझ्याकडे भाजी निवडत बसल्या असताना त्या मध्येच थांबतात.

"काय असेल गं ते नाव?"

मी दोन-तीन नावं सुचवते. त्या प्रत्येकावर थोडा विचार करतात आणि नाही म्हणून मान हलवतात.