सकाळची बोटं

माझा सासूबाईंवर विश्वास नव्हता आणि त्यांचाही माझ्यावर नव्हता, त्यामुळे आमच्या घरात तशी बरोबरी होती. साखरेचा डबा कुठवर उतरलाय ते त्या बघायच्या, आणि त्यांनी बघितलाय का ते मी बघायचे. माझं माहेर गुंजवण्याचं. तिकडचा पाऊस अंगात मुरतो आणि माणसं आळशी होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. भोंगवलीला लग्न होऊन आले तेव्हापासून मी ब्लाउज शिवते. हूक, काजं, हातशिलाई सगळं माझं मीच करते, तरी त्यांच्या लेखी ते बसून करायचं काम, म्हणजे कामच नव्हे.

अशा घरात माझी बोटं सकाळी वळेनाशी झाली.

उठावं तर मूठ मिटेना. कपाचा कान धरता येईना, तिथं पीठ कुठलं मळता येणार? उन्हं अंगणात आली की बोटं हळूहळू सुटायची आणि दुपारी मी मशीनवर बसलेली असायचे. भाकरीच्या वेळेला दुखतं आणि पैसे मिळायच्या वेळेला थांबतं, असल्या दुखण्यावर कोण विश्वास ठेवील? मीसुद्धा ठेवला नसता. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमच्या सूनबाईचं दुखनं लई शानं हाय. घड्याळ बघून येतं."

मग भाकऱ्या त्याच थापायच्या. बोटं न लावता, नुसत्या तळव्यानं. भाकरी एका कडेला जाड राहायची आणि ती कच्चट कड नेमकी माझ्या ताटात यायची. मुद्दाम करतात, याबद्दल मला शंका नव्हती.

माझा राग त्यांच्या काढ्यावरही होता. करोनापासून त्या रोज गुळवेल उकळून सगळ्यांना पाजायच्या. प्रतिकारशक्ती वाढते म्हणे. माझी बोटं त्यानंतरच धरली, हे मी मनात पक्कं करून ठेवलं होतं.

भोरला एका दवाखान्यात पुण्याहून सांध्यांच्या डॉक्टर येतात. त्यांनी रक्त तपासलं, माझ्या बोटांची पेरं दाबून बघितली आणि आमवात आहे म्हणाल्या. मी विचारलं, कशानं झाला, काढ्यानं? त्या म्हणाल्या, काढ्यानं झाला नाही, पण आता तो बंद करा. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरून जंतू आला की एका जातीच्या पेशी त्याला ओळखतात, दुसऱ्या त्याच्यावर खूण करतात, आणि ती खूण बघून बाकीच्या धावून येतात. तुमच्यात ओळखण्यातच चूक झालीय. सांध्याच्या आत एक नाजूक अस्तर असतं, त्यालाच त्या परकं समजल्यात. सगळ्या तिथं जमतात, अस्तर सुजून जाड होतं, आणि पुढं हाड कुरतडलं जातं.

अस्तराचं मला लगेच पटलं. जाड अस्तर लावलं की बाही वळत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

पण पुढचं पटलं नाही. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी दिली. ही त्या पेशींचा जोर कमी करील म्हणाल्या. सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागं, आणि ह्या बाई माझी कमी करणार! त्यात आठवड्याला एकच गोळी. चांगलं औषध असतं तर रोज दिलं नसतं का? लवकर सुरू करा, बोटं एकदा वाकली की सरळ होत नाहीत, मग सुई विसरा, असं त्यांनी बजावलं. त्या रात्री मला रडू आलं. शिवण गेलं तर त्या घरात माझं म्हणून काय राहणार होतं? तरी पाकीट मी मशीनच्या खणात बॉबिनांखाली सरकवून दिलं.

पुढच्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "म्या बी येती." कशासाठी, ते मला कळत होतं. एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि दोघी खिडकीबाहेर बघत भोरला पोचलो.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी सुरू केली ना?"

"केली," मी म्हणाले.

"न्हाई केली," सासूबाई म्हणाल्या. "मशीनच्या खणात हाय पाकीट. एक बी फोडली न्हाई."

माझा खण त्यांनी उचकला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण डॉक्टर माझ्याकडं बघतच नव्हत्या. सासूबाईंनी माझ्याकडं हात केला होता, तो हात डॉक्टरांनी धरला होता. चारी बोटं करंगळीच्या बाजूला कललेली.

"आजी, हे कधी झालं?"

"लावनीनं वाकली. म्हाताऱ्या मानसाची व्हायचीच."

"वाकायच्या आधी सकाळी आखडायची का?"

सासूबाईंनी आपल्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "माजं पोरगं रांगत व्हतं तवा. उन्हं वर येईस्तवर हात चालायचा न्हाई. सासू म्हनायची, सोंगाडी हाय."

"मग?"

"मग काय, तसंच रेटलं. फुडं आपोआप थांबलं."

"थांबलं, पण करायचं ते करून थांबलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि मला सांगितलेलं सगळं त्यांनी सासूबाईंना पुन्हा सांगितलं. सासूबाईंनी ते मन लावून ऐकलं.

"म्हंजे कुंपनच शेत खातंय म्हना की. आन् हिचं दुखनं खरं हाय?"

"खरं आहे. तुमचंही खरंच होतं."

परतीच्या एसटीत त्या पदराखाली एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं चाचपत होत्या. घरी जेवण झाल्यावर पाकीट त्यांनीच खणातून आणलं. मी गोळी घेतली तेव्हा त्या समोर बसून होत्या.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या. मी उघडलं.

गोळीचा गुण यायला कित्येक आठवडे लागणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मूठ नेहमीसारखीच मिटली नाही. चुलीपाशी गेले तर सासूबाईंनी पीठ मळायला घेतलं होतं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "उन्हं वर आली की येतील तुजी बोटं."

यात टोमणा कुठं आहे, ते मी शोधत राहिले. मग त्या थापायला लागल्या आणि मी प्रथमच त्यांचा हात नीट बघितला. तळवा गोल फिरत होता, पण पलीकडच्या कडेवर बोटांचा दाब पडत नव्हता. ती कड दरवेळी जाडच राहत होती.

भाकऱ्या झाल्या. सगळ्यात जाड कडेची मी आपणहून ताटात ओढली.

"तीच का घेतलीस?" त्यांनी लगेच संशयानं विचारलं.